पहाटे पाच पंचवीसची असाइनमेंट

आमच्या नौपाड्यातल्या क्लासमध्ये कॉम्प्युटरवर असाइनमेंट लावणारा पहिला माणूस मी. दुसरी पण मीच लावणार होतो, पण पहिलीनंतर सरांनी मला कीबोर्डला हात लावायची बंदी घातली.

हल्ली पोरं मोबाइलवर असाइनमेंट टाकतात आणि मास्तर लोक घरी लुंगी नेसून त्या तपासतात. ही गोष्ट त्याच्या खूप आधीची आहे, नव्वद सालानंतरची. इंटरनेट हा शब्द आम्ही तेव्हा फक्त पेपरात बघितलेला. बघितलेला बोलतो, कारण वाचायच्या बाबतीत माझी बोंबच होती. शाळा चौथीपर्यंत, आणि चौथी पण गुरुजींना मी वर्गात नको होतो म्हणून पास.

त्याच्या आधी मी वागळे इस्टेटला एका छोट्या कारखान्यात होतो. मोटरवर पत्र्याची छोटी पाटी असते ना, तिच्यावर पंचाने, म्हणजे लोखंडी ठशाने, अक्षरं ठोकायचं काम. त्यामुळे एबीसीडी मला वाचता यायची नाही, पण ठोकता झकास यायची. तीही मोठी अक्षरंच, बारकी आमच्या पेटीत नव्हतीच. कारखाना बंद पडला आणि ओळखीने या क्लासमध्ये शिपाई म्हणून लागलो. काम सोपं. सकाळी उघडायचं, मशीनवरची कव्हरं काढून घडी घालायची, एसी लावायचा, पोरांना चपला बाहेर काढायला लावायच्या, पाणी भरायचं. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून कोणी जायचं नाही. देवळात जातील, पण तिथे नाही.

कीबोर्ड पहिल्यांदा बघितला तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सगळी मोठी अक्षरं, माझ्या पंचांच्या पेटीसारखी. फक्त कोणीतरी उलटसुलट बसवलेली. मी सरांना बोललो पण, "सर, फुरसतीत ही ओळीने लावून देऊ का?" सर बोलले, "आधी चहा सांग."

सर राहायला डोंबिवलीला. तिथे पण त्यांचा एक क्लास होता, मोठा. सकाळी ते आमच्याकडे शिकवायचे आणि दुपारनंतर डोंबिवलीला. त्यामुळे दुपारची बॅच आमच्याकडे नुसती प्रॅक्टिसला बसायची, आणि राखण करायला मी. पोरं असाइनमेंट कागदावर लिहायची आणि एकाची बघून दुसरा लिहायचा. एकदा तर एकाने दुसऱ्याचं नावासकट उतरवलेलं. म्हणून सरांनी रात्री जागून एक प्रोग्राम बनवला.

तो काय होता ते मला कळलं तसं सांगतो. केबिनमध्ये एक मोठं मशीन होतं, त्याला सर्व्हर बोलायचे. बाकीची सगळी मशीनं वायरने त्याला बांधलेली. सर्व्हरच्या पोटात प्रत्येक विद्यार्थ्याचा एक खण. बॅच बसली की मी सर्व्हरवर जाऊन प्रश्न सोडायचा. तो सगळ्यांच्या पडद्यावर दिसणार. पोरांनी उत्तर बनवून आपल्या खणात टाकायचं. एकदा टाकलं की काढता येत नाही, दुसऱ्याच्या खणात डोकावता येत नाही. पोस्टाच्या पेटीसारखं. आणि ठरलेली वेळ झाली की सगळे खण आपोआप बंद. मग मी ते सगळं एका फ्लॉपीत घ्यायचं आणि संध्याकाळी डोंबिवलीला सरांच्या घरी नेऊन द्यायचं. कोणी किती वाजता टाकलं ते पण मशीन लिहून ठेवायचं.

हे लावायचं कसं ते सरांनी मला आठवडाभर शिकवलं. कुठलं बटण, मग पडद्यावर काय येणार, मग कुठलं बटण. बंद व्हायची वेळ मात्र त्यांनी स्वतः आधीच टाकून ठेवलेली. बोलले, "तेवढं तुझ्यावर नको." माणूस दूरदृष्टीचा होता, पण दृष्टी थोडी कमी पडली.

चाचणीसाठी एक खोटा विद्यार्थी बनवला. मी त्याच्या नावाने बसलो आणि खणात चार ओळी के के के के टाकून दिल्या. सरांनी डोंबिवलीत बाकीच्या कामाच्या नादात तेही तपासलं. शेरा आला, 'विचारात स्पष्टता नाही, पण प्रयत्न केला आहे.' दहापैकी एक मार्क. माझ्याबद्दल शाळेत कोणी इतकं चांगलं कधी लिहिलं नव्हतं. बायकोला जाऊन सांगितलं. ती बोलली, "एक पण कशाला दिला?"

आता घड्याळाचं सांगायला पाहिजे.

आम्ही वर्तकनगरला राहायचो. तिथे कुठल्याही घरात जा, भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे. उशीर होऊ नये म्हणून. आणि घरातल्या प्रत्येकाला माहीत की ते दहा मिनिटं पुढे आहे, त्यामुळे सगळे मनात वजाबाकी करून निवांत चहा पीत बसणार. उशीर व्हायचा तो होतोच. पण घड्याळ बरोबर लावलंय असं घर मी बघितलं नाही. माझी बायको तर पंधरा मिनिटं पुढे ठेवायची, कारण तिला मी माहीत होतो.

तर क्लासमधलं भिंतीवरचं घड्याळ पण मीच टांगलेलं, आणि मीच दहा मिनिटं पुढे ठेवलेलं. पोरांना दुसऱ्याच दिवशी कळलं. "भाऊ, हे पुढे आहे ना?" "हो, आहे." विषय संपला. सगळा क्लास वजाबाकी करायला लागला.

आणि तो सर्व्हर. त्याच्या आतला सेल गेलेला. सर रोज बोलायचे बदलू या, आणि राहून जायचं. सेल गेल्यामुळे ते मशीन रात्री बंद केलं की वेळ विसरायचं आणि सकाळी चालू केलं की माणसासारखं विचारायचं, किती वाजले? आणि सांगणारा मी. रोज सकाळी मी भिंतीकडे बघायचो आणि त्याला सांगायचो. भिंतीवर सात चाळीस, तर सात चाळीस. मला वाटायचं, मशीनला पण उशीर व्हायला नको.

फक्त मशीनला वजाबाकी करायला कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारच्या बॅचमध्ये एक मुलगी होती, चेंदणी कोळीवाड्यातली. मुलगी काय, पंचवीस-सव्वीसची असेल. तिची आई मार्केटात मासळी विकायची. ही त्यांच्याकडच्या एका पतपेढीत हाताने लिहायचं काम करायची, तेही टेम्पररी. पतपेढीने कॉम्प्युटर घेतलेला, पण चालवणारं कोणी नव्हतं, म्हणून तो कापडाखाली झाकून ठेवलेला, वर रोज फूल. संचालक तिला बोललेले, क्लासचा पास झाल्याचा कागद आण, तुला ऑपरेटर म्हणून पक्की करतो. नाहीतर त्यांच्यातल्या एकाचा भाचा तयारच होता. शनिवारी दुपारी त्यांची मीटिंग होती, आणि शेवटची असाइनमेंट आमच्याकडे शुक्रवारी. शुक्रवारी नापास, तर पुढची बॅच तीन महिन्यांनी, आणि तोपर्यंत खुर्चीवर भाचा. हे सगळ्या क्लासला माहीत होतं. चपला काढताना सगळं कळायचं.

मुलगी हुशार, पण सावकाश. एकेक बटण असं दाबायची जसं काही ते फुटेल. आणि लिहिलेलं दोनदा वाचल्याशिवाय पुढे जायची नाही.

शुक्रवारी चार वाजता मी प्रश्न सोडला. बटण, पडदा, बटण. सगळं बरोबर. छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण सोडलं. खण बंद व्हायचे होते साडेपाचला. बाकीच्या पोरांनी पटापट उत्तरं टाकली आणि निघाली, कोणाला ट्यूशन, कोणाला पिक्चर. शेवटी खोलीत मी आणि ती. तिने पण सगळं लिहून ठेवलेलं, नुसतं वाचत बसलेली. भिंतीवर साडेपाच झाले. ती अजिबात घाबरली नाही. मी पण नाही. खरे पाच वीस झालेत हे दोघांना माहीत होतं.

मग तिने उत्तर खणात टाकायचं बटण दाबलं. आणि बोलली, "भाऊ, इकडे या जरा. हे काय आलं?"

पडद्यावर आलेलं TIME OVER. तेवढं मला वाचता आलं. टाइम रोज सकाळी बघायचो, आणि ओव्हर क्रिकेटमुळे माहीत.

"अजून दहा मिनिटं आहेत ना?" ती बोलली.

"आहेत की."

"मग हा का बोलतो संपली?"

तिने हातातलं घड्याळ दाखवलं, पाच एकवीस. माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला, पण तो पडू नये असं मला वाटत होतं. बोललो, "याला वजाबाकी येत नाही."

"कोणाला?"

"मशीनला. याची वेळ मीच भिंतीवर बघून लावतो."

 तिने ओरडायला पाहिजे होतं, मला बरं वाटलं असतं. नुसती पडद्याकडे बघत बसली, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

सरांना फोन करावा, तर क्लासच्या फोनला सरांनी बारकं कुलूप लावलेलं, माझ्यामुळेच. खाली पीसीओला नेहमी चार माणसं उभी. तिकडे जाऊन येईपर्यंत खरे साडेपाच वाजले असते. मग मी ठरवलं, आपणच करू. आयुष्यात मी जेव्हा जेव्हा 'आपणच करू' बोललोय तेव्हा बायकोने देवासमोर दिवा लावलाय.

मशीनला वेळ सांगायची मला एकच पद्धत माहीत होती. बंद करायचं, चालू करायचं, मग ते आपणहून विचारतं. पण बंद केलं तर तिचं लिहिलेलं जाणार. म्हणून मी सरांच्या ड्रॉवरमधून एक कोरी फ्लॉपी काढून तिला दिली. "यात घे आधी." तिने घेतलं. मग मी सर्व्हरला नमस्कार केला आणि बटण दाबलं. खोलीतली सगळी मशीनं एकदम गप्प झाली. ते आवाज बंद होणं मला अजून आठवतं. एसीचा पण आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

चालू केलं. मशीनने विचारलं, किती वाजले? तिचं घड्याळ बघून मी दाबलं, पाच चोवीस. खण उघडले. तिने फ्लॉपीवरून उत्तर टाकलं. या वेळी पडद्यावर काही वाईट आलं नाही.

"झालं?" मी बोललो.

"झालं. थँक्यू हां भाऊ."

हे थँक्यू मी जपून ठेवलंय, कारण ते तिने नंतर परत घेतलं.

संध्याकाळी सगळे खण दुसऱ्या फ्लॉपीत घेतले आणि ती डब्यात, डबा पिशवीत घालून डोंबिवलीला दिली. सर घरी नव्हते, आत देऊन आलो. झालेलं सांगायला उद्या सकाळ आहेच, असा विचार केला आणि घरी येऊन मस्त झोपलो.

शनिवारी सकाळी सर आले ते चप्पल घालूनच आत. मी ओळखलं, काहीतरी झालं.

"काल पहाटे क्लास कोणी उघडला?"

"पहाटे? कोणी नाही सर."

"चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग पहाटे पाच पंचवीसला त्या कोळीवाड्यातल्या मुलीने असाइनमेंट कशी टाकली? सगळ्यात पहिला नंबर तिचा. आणि प्रश्न सुटलाय दुपारी चार वाजता! प्रश्न यायच्या आधी उत्तर?"

मी घडाघडा सगळं सांगून टाकलं. भिंतीवरचं घड्याळ, वजाबाकी, फ्लॉपी, मशीन बंद केलं, चालू केलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं सुटलो.

"खोटं बोलू नकोस," सर बोलले. "तू सर्व्हर बंद केलास? तू? ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायला खालच्या फरसाणवाल्याला बोलावतोस. आणि प्रश्न तुझ्याकडे गुरुवारीच आलेला. तिला आधी दिलास, सकाळी दार उघडून दिलंस, वर आता ही गोष्ट रचतोयस."

मी हुशार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण एवढी चूक करायला लागते तेवढी पण हिंमत माझ्यात नाही असं सरांचं मत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला मी गाढव आहे हे सिद्ध करायची वेळ आली, आणि पुरावा नव्हता.

तेवढ्यात तीच आली. कागद घ्यायला आलेली, चांगला ड्रेस घालून, कारण इथून सरळ मीटिंगला जायचं होतं. सरांनी तिला सांगितलं, निकाल राखून ठेवलाय.

"का सर?"

"तुम्हीच सांगा. पहाटे इथे होतात?"

"पहाटे मी आईबरोबर मार्केटला असते. सगळं मार्केट सांगेल."

"ताई, मी सांगितलं सरांना," मी मध्ये बोललो. "मीच तुला ड्रॉवरमधली फ्लॉपी दिली..."

"फ्लॉपी?" सर वळले. "म्हणजे उत्तर फ्लॉपीवरून आलंय? बाहेरून करून आणलेलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी जेवढी तोंड उघडून मदत करत होतो तेवढी ती खड्ड्यात जात होती.

शेवटी मी बोललो, "सर, तुमच्यासमोर करून दाखवतो." सर्व्हरला नमस्कार केला, बंद केला, चालू केला. सरांनी एवढं बघितलं तेव्हाच त्यांच्या भुवया वर गेल्या. मशीनने विचारलं, मी दाबलं पाच चोवीस, कालच्यासारखं. सर वाकून पडद्याकडे बघायला लागले. मग डोळे मिटले.

"अरे, संध्याकाळचे पाच असे सांगायचे नाहीत त्याला. सतरा सांगायचे. नुसते पाच म्हणजे पहाटेचे. शेवटी बारका ए लिहून येतो, तो बघितला नाहीस?"

"सर, मी बारकी अक्षरं कधी ठोकलीच नाहीत. आणि वेळ मी सकाळीच लावतो. सकाळी बरोबर यायची."

सर खुर्चीवर बसले. हसत होते की काय ते मला कळलं नाही, रुमाल तोंडावर होता. मग तिला बोलले, "पहाटेचं समजलं. पण फ्लॉपीचं काय करू? तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं. नुसतं वाटून मी सही करू शकत नाही."

ती बोलली, "सर, दुसरा प्रश्न द्या. मी इथेच बसते, तुम्ही शेजारी बसा. दोनला मीटिंग आहे, तोपर्यंत करते." मग माझ्याकडे न बघता, "फक्त भाऊंना बाहेर बसवा."

मी बाहेर जिन्यात बसलो. आतून एकेक बटणाचा आवाज यायचा. आधी सावकाश, मग मध्येच थांबायचा, तेव्हा मी दाराला कान लावायचो. परत चालू. मी कोणाकडे तरी नवस बोलणार होतो, पण माझं नाव ऐकून देव पण मागे सरेल म्हणून तिचं नाव सांगितलं. दीडच्या सुमाराला दार उघडलं. तिच्या हातात सरांच्या सहीचा कागद. ती चपला घालून धडाधड जिना उतरली. माझ्याकडे बघायला वेळ नव्हता, आणि मी पण पाय आवरून तिला वाट दिली. तेवढीच एक मदत त्या दोन दिवसांत मला नीट जमली.

सर बाहेर येऊन बोलले, "दहापैकी नऊ. पहिल्यापेक्षा चांगलं लिहिलंय." त्याच दुपारी त्यांनी सर्व्हरचा सेल बदलून घेतला आणि मला कीबोर्डची बंदी झाली. भिंतीवरचं घड्याळ मात्र कोणी बरोबर केलं नाही. पोरांना सवय झालेली.

ती पक्की झाली. पतपेढीतला कापडाखालचा कॉम्प्युटर तिच्या हाताखाली आला, भाचा दुसरीकडे कुठेतरी चिकटला. पुढच्या आठवड्यात तिची आई क्लासवर आली, नाकात ठसठशीत नथ, हातात केळीच्या पानात बांधलेली मोठी पापलेटं. सरांना दिली. "सायेब, माजे पोरीला लायनीवर लावलीस. घरी नेऊन ताजीच खा." सरांनी हात जोडले. मग तिने बाहेर पेढे वाटले. फरसाणवाल्याला दिला, वरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला दिला, आणि माझ्यासमोरून पुढे निघाली.

मला राहवलं नाही. बोललो, "मावशी, त्या दिवशी मी पण होतो हां मदतीला."

मावशी थांबली. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मार्केटात शिळा मासा बघतात तसं.

"व्हतास ना," ती बोलली. "तू नसतास त माजे पोरीचा पेपर एकदाच झाला असता."